आवाजाचा डबा: कोणता घ्यायचा, कसा जोडायचा

(प्रभागसंघाच्या चोपडा इथल्या बैठकीत केलेलं भाषण. ज्या तायांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



मागच्या बैठकीत विषय निघाला तो अर्धाच राहिला होता. गावोगावच्या जुन्या बायांकडे जी गाणी आहेत, कानबाईची, आखाजीच्या गौराईची, गुलाबाईची, जात्यावरची, ती आपण स्वतः रेकॉर्ड करायची, यावर सगळ्यांचं एकमत झालं. गाडी अडली ती सामानावर. कुणी म्हणालं, मोबाईल आहे की हातात. कुणी सांगितलं, दुकानात विचारलं तर त्याने हातभर यादी दिली. आणि मागे बसलेल्या एक ताई बोलल्या ते मला सगळ्यात खरं वाटलं. त्या म्हणाल्या, हप्ते थकलेल्या बाया आपल्या संघात आहेत, आणि आपण गाण्यासाठी मशीन घ्यायचं?

या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाल्याशिवाय एक वायरसुद्धा घेऊ नये, असं माझं मत आहे. म्हणून आज मी दोन्ही सांगणार: मशीन काय आहे ते, आणि त्याला पैसा किती आणि कुठला लावायचा ते. एकच विनंती. "माले काय समजस त्यामां?" असं म्हणून कुणी मागे सरकू नका. शिलाई मशीनचा दोरा ओवता येतो तिला हे येतं.

आधी, घाई कशाची ते सांगते. गाण्याचे शब्द वहीत उतरवता येतात. चाल उतरवता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, गेल्या १९५१ साली. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी गाणी उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं आणि सगळ्या महाराष्ट्राला बहिणाबाई कळल्या. कुणी उतरवून घेतलं नसतं तर? पण पुस्तक फक्त शब्द सांगतं. घरोट ओढता ओढता त्या कुठे थांबत, कोणता शब्द लांबवत, ते कागदावर येत नाही.

दुसरं उदाहरण मोठं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या लिहून काढल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि आवाजाचं रेकॉर्डिंगही झालं, ते भरलं सव्वाशे तासांच्या आसपास. २०१७ पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या ओव्या आवाजासकट लोकांपुढे आणते आहे. आता तुम्हीच हिशोब करा. एक ओवी अर्ध्या मिनिटाची धरली तरी लाख ओव्यांना आठशे तासांवर लागतील. म्हणजे इतकं डोंगराएवढं काम होऊनही आवाज वाचला तो थोड्याच ओव्यांचा. बाकीच्यांचे शब्द आहेत, गाणारणीचा गळा नाही. आणि आता तर पिठाची चक्की गावागावात आहे. जातं लागतं ते फक्त लग्नाच्या हळदीपुरतं.

तर मोबाईल चालेल का? चालेल, थोडा. एकटी बाई, शांत खोली, फोन तोंडापासून हातभर लांब, फ्लाइट मोडवर, आणि रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही म्हणजे 'वेव्ह' फाइलमध्ये. एवढं सांभाळलं तर बोलणं, आठवणी, रेसिपी छान येतात. ज्यांच्याकडे आज काहीच नाही त्यांनी आजपासून मोबाईलवरच सुरू करा, संघाच्या खरेदीची वाट बघू नका. सत्तरी ओलांडलेली बाई खरेदी समितीसाठी थांबत नसते.

पण मोबाईलच्या दोन अडचणी आहेत. एक, फोन बोलण्यासाठी बनवला आहे. सतत येणारा आवाज त्याला गोंगाट वाटतो आणि कित्येक फोन तो आपोआप दाबतात. म्हणजे जात्याची घरघर तो खाऊन टाकू शकतो, आणि बाईने लांब ओढलेला सूरही मध्येच बारीक करतो. दोन, त्याचा माइक एका जागी. चार बाया बसल्या तर जवळचीचा आवाज येतो, लांबचीचा विरतो, आणि नंतर वेगळं काही करता येत नाही. शिवाय आपली सवय अशी की रेकॉर्ड झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं. तिथे आवाज दाबून लहान केला जातो. पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नका.

इथे तो डबा कामाला येतो. त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. नाव मोठं आहे, वस्तू वीटभर. माइकमधून येणारी वीज फार कमजोर असते. डबा ती वाढवतो, मग मोजतो आणि आकडे करून यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला देतो. डेअरीवर दूध घातलं की मशीन फॅट मोजतं आणि आकडा लिहितं ना, तसंच. फरक एवढाच की हा डबा सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो. लॅपटॉपच्या अंगातही असं एक मोजमाप असतं, पण ते बारीक चिपवर, पंख्याच्या आणि चार्जरच्या गडबडीत बसवलेलं. बाहेरचा डबा त्या गडबडीपासून लांब राहतो, म्हणून आवाज स्वच्छ येतो.

आता निवड. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, बजेट किती. तो प्रश्न मागे ठेवा. पहिला प्रश्न हा: एका वेळी किती माइक लावायचे?

आपल्या कामाचा विचार करा. जात्यावरची ओवी खरी घ्यायची असेल तर बाईला रिकामं बसवून गायला लावू नका. हातात खुंटा असला की तिचा श्वास वेगळा चालतो, ओवी आपोआप येते. मग एक माइक तोंडाजवळ आणि दुसरा जात्याकडे. दोन्ही आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर येतात. घरी येऊन ऐकलं आणि घरघर जास्त वाटली तर जात्याची पट्टी थोडी खाली करायची, बाईच्या आवाजाला धक्का लागत नाही. कानबाईच्या गाण्यात एक जण सांगते आणि बाकीच्या झेलतात. तिथेही दोन माइक: एक सांगणारणीला, एक झेलणाऱ्यांच्या मधोमध. म्हणजे आपलं उत्तर 'दोन'. चार, आठ माइकचे डबे मिळतात. ते बँडवाल्यांना लागतात, आपल्याला नाही.

आणि इथे एक गंमत आहे ती नीट ऐका, कारण पैसे इथेच जातात. डब्यावर दोन भोकं दिसली म्हणजे दोन माइक लागतात असं नाही. फोकसराइट कंपनीचा स्कार्लेट सोलो घ्या किंवा बेहरिंगरचा यूएम२ घ्या. दोन्हींना दोन जागा आहेत, पण माइकची जागा एकच. दुसरी गिटार किंवा कीबोर्डसाठी. वस्तू वाईट नाहीत, एकट्या गाणाऱ्याला बरोबर आहेत. आपल्याला मात्र त्याच कंपन्यांचे पुढचे हवेत: स्कार्लेट २आय२ किंवा यूएमसी२०२एचडी यांसारखे, ज्यांना दोन्ही जागी माइक लागतो. मी कंपनीची जाहिरात करत नाही, दुसऱ्या कंपन्यांचेही असे डबे आहेत. दुकानात एवढंच म्हणा: "भाऊ, तीन पिनांचे दोन माइक एकाच वेळी लावून दाखवा." दाखवले तर पुढचं बोलायचं.

आणखी चार गोष्टी डब्यावर बघून घ्या. दोन्ही माइकना आवाज कमी-जास्त करायची वेगळी बटणं. आवाज फाटला की लाल होणारा दिवा. हेडफोनची जागा आणि तिचं स्वतःचं बटण. आणि '४८ व्ही' लिहिलेला खटका, त्याचं काम पुढे सांगते. डब्याच्या खोक्यावर २४ बिट लिहिलेलं असावं. काही स्वस्त डबे १६ बिटचे असतात. २४ बिटचा फायदा असा की आवाज थोडा हळू रेकॉर्ड झाला तरी नंतर वाढवता येतो, खरखर वाढत नाही. १९२ किलोहर्ट्झ वगैरे आकडा मोठा करून सांगतील, त्याला भुलू नका. माणसाचा कान जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, त्यासाठी ४८ पुरेसा आहे. फाइल मात्र आकडा वाढला की चौपट जागा खाते.

टाळ्यांचं बटण, हसण्याचं बटण, बाईचा आवाज पुरुषाचा करणारं बटण, असे रंगीत दिव्यांचे डबेही ऑनलाइन स्वस्तात दिसतात. पोरांना आवडतात. आपल्या कामाचे नाहीत.

दुकानाच्या लांबलचक यादीतलं आपल्याला काय लागतं? डबा. दोन वायरी. एक कान पूर्ण झाकणारा हेडफोन. लॅपटॉप संघाच्या ऑफिसात आहे. माइक? ते गावात आहेत! मंडपवाल्याकडे, भजनी मंडळाकडे हातात धरायचे माइक असतात, ते डायनॅमिक प्रकारचे. दणकट, धुळीला न घाबरणारे, आणि त्यांना वेगळी वीज लागत नाही. लांबचा गोंगाट ते कमी पकडतात, आपल्या घरांसाठी हा मोठाच गुण. स्टुडिओतला नाजूक माइक, ज्याला कंडेन्सर म्हणतात, तो गळ्यातला बारीक हरकतही टिपतो. पण शेजारची शेळी, वरचा पत्रा, रस्त्यावरून जाणारा केळीचा ट्रकही तितक्याच प्रेमाने टिपतो. पहिलं वर्ष मंडपवाल्याच्या माइकवर काढा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वायरीकडे मात्र नीट बघा. मंडपवाल्याच्या माइकची वायर एका बाजूला तीन पिनांची आणि दुसऱ्या बाजूला जाड एका दांड्याची असते, दुकानात तिला पी-३८ म्हणतात. तो दांडा डब्याच्या भोकात मध्यभागी बसतो, अगदी छान बसतो, म्हणून माणूस फसतो. पण ती जागा कीबोर्ड-गिटारची. तिथून माइकचा आवाज मेल्यासारखा येतो. मग आपण बटण पिळतो आणि नुसती खरखर वाढते. आपल्याला वायर हवी दोन्ही बाजूंनी तीन पिनांची, एक्सएलआर ते एक्सएलआर. एका टोकाला पिना, दुसऱ्या टोकाला भोकं. भोकांचं टोक माइकला, पिनांचं टोक डब्याला. या वायरीत आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो, त्यामुळे वाटेत शिरलेली विजेची गुणगुण डब्यात गेल्यावर आपसात कटते. पाच-सात मीटर लांब असली तरी चालते.

आता खोली. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण याला पैसा लागत नाही आणि फरक सगळ्यात मोठा पडतो. रिकाम्या, फरशीच्या, गिलाव्याच्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो, रेकॉर्डिंग विहिरीत बोलल्यासारखं होतं. त्याला कितीही महागडा डबा उपाय नाही. उपाय आहे मऊ सामान. आणि मऊ सामानाची आपल्याकडे काय कमी? दिवाळीच्या आगेमागे ज्या घरात वेचलेला कापूस भरलेला असतो, त्या खोलीसारखी खोली शहरातल्या स्टुडिओवाल्यांनाही पैसे मोजून करावी लागते. एका बाजूला कापसाचा ढीग, समोर बाई, ढिगाकडे तोंड करून. आवाज असा येतो की ओठ हललेले कळतात. तिथे विडी-काडी, उदबत्ती काही नको, एवढं सांभाळा. कापूस विकला गेला असेल तर धान्याच्या पोत्यांची खोली. तीही नसेल तर दोरीवर दोन-तीन जाड गोधड्या टाका, गाणारणीच्या पाठीमागे आणि बाजूला. खाली सतरंजी.

पंखा बंद. फ्रीज असेल तर तेवढा वेळ बंद, आणि नंतर आठवणीने चालू करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरची सासू आपल्याला दारात उभं करणार नाही. पत्र्याच्या घरात पावसात रेकॉर्डिंगचा नाद सोडा. दुपारच्या उन्हातही पत्रा तडतडतो. शेताजवळ घर असेल तर लाइट कधी येते ते विचारा, कारण लाइट आली की मोटारी सुरू झाल्या. लाइट नसलेली वेळ हीच आपली चांगली वेळ. लॅपटॉप चार्ज करून न्या, डबा लॅपटॉपच्याच विजेवर चालतो.

माइक तोंडापासून वीतभर, आणि अगदी समोर नको, थोडा तिरका. समोर धरला की 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा धक्का बसतो, ढप् ढप् ऐकू येतं. भरतकामाची गोल रिंग असते ना, तिच्यात जुन्या ओढणीचा पातळ तुकडा ताणून बसवा आणि माइकच्या चार बोटं पुढे धरा. बाजारात हीच वस्तू पॉप फिल्टर म्हणून विकतात. जात्याजवळ माइकचं स्टँड थेट जमिनीवर ठेवू नका, जमीन थरथरते. खाली घडी केलेली गोधडी. आणि दोन माइक लावले तर त्यांच्यातलं अंतर, माइक आणि तोंड यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट असावं. तोंड वीतभर लांब, तर दुसरा माइक तीन विती लांब. नाहीतर एकच आवाज दोन्हींत शिरतो आणि एकत्र केला की पोकळ वाटतो.

जोडणीचा क्रम सांगते. लॅपटॉपवर आधी डब्याच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकून घ्यावा, तो कंपनीच्या साइटवर फुकट असतो. हे काम इंटरनेट असलेल्या ठिकाणी, ऑफिसातच करून जा. मग डब्याची सगळी बटणं शून्यावर. ४८ व्ही बंद. यूएसबी थेट लॅपटॉपला, मध्ये दुसरा जोड नको. मग माइकची वायर. मग हेडफोन. माइक कंडेन्सर असेल तरच ४८ व्ही चालू करा, त्या प्रकारच्या माइकला चालायला वायरीतून ४८ व्होल्ट लागतात. मंडपवाल्याच्या माइकला तो खटका नको. बंद करताना उलटा क्रम: आवाज शून्य, ४८ व्ही बंद, थोडं थांबा, मग वायर काढा. चालू विजेत वायर ओढली की हेडफोनमध्ये असा फटाका वाजतो की कान बसतो.

काहीजणी विचारतील, लॅपटॉप नाही, डबा मोबाईलला लागतो का? बऱ्याच टाइप-सी फोनला ओटीजी जोड लावून लागतो. पण डबा वीज मागतो आणि कित्येक फोनना तेवढी देववत नाही, मग डबा चालू-बंद होत राहतो. मध्ये वेगळी वीज घेणारा यूएसबी हब लावावा लागतो. खरेदीआधी आपला फोन दुकानात नेऊन लावून बघा.

आता मुख्य कौशल्य, आवाज किती ठेवायचा. याला गेन म्हणतात. गाणारणीला म्हणा, "मोठी माय, सगळ्यात जोरात जो भाग आहे तो म्हण." ती म्हणत असताना बटण हळूहळू वाढवा. लाल दिवा लागला की मागे या, आणि अजून थोडं मागे. लॅपटॉपच्या पट्टीवर सगळ्यात मोठा आवाज उणे १२ च्या आसपास असावा, शून्याला कधीच टेकू नये. का? तर तालमीत बाई लाजून हळू म्हणते आणि खरं गाणं रंगात आलं की दुप्पट जोराने म्हणते. हळू आलेला आवाज वाढवता येतो. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

हेडफोन कामकरणीने घालायचा, गाणारणीने नाही. म्हाताऱ्या बाईला हेडफोन घातला की तिला स्वतःचाच आवाज परका वाटतो आणि ती गप्प होते. लॅपटॉपमधून फिरून येणारा आवाज किंचित उशिरा येतो. ज्या डब्यावर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण असतं तिथे ते चालू करा, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपला न जाता सरळ कानात येतो. स्पीकर मात्र बंदच, नाहीतर शिट्टी.

हेडफोनमध्ये 'हूंऽऽ' अशी गुणगुण आली तर पहिलं काम, लॅपटॉपचा चार्जर काढा. दहापैकी बहुतेक वेळा तोच असतो, कारण आपल्या घरांत अर्थिंग नसते किंवा नावापुरती असते. तरी राहिली तर मोबाईल लांब ठेवा, माइकची वायर विजेच्या बोर्डापासून दूर घ्या.

लॅपटॉपवर ऑडासिटी नावाचा प्रोग्रॅम वापरा. फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये त्याचे धडे बघायला मिळतात. त्यात रेकॉर्डिंगच्या ठिकाणी डब्याचं नाव निवडा, नाहीतर तो लॅपटॉपच्याच माइकवरून रेकॉर्ड करत बसेल. ओळखायचं कसं? माइकवर नखाने हलकं खाजवा. कानात खरखर आली आणि पट्टी हलली, तर बरोबर. दोन माइक असतील तर 'स्टीरिओ' निवडा. एक माइक डाव्या बाजूला येतो, दुसरा उजव्या. नंतर त्याच्या दोन वेगळ्या पट्ट्या करता येतात. एकच माइक असेल तर 'मोनो' निवडा, नाहीतर गाणं एकाच कानात वाजतं आणि लोक म्हणतात मशीन बिघडलं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन माइक, या हिशोबाने तासाला साधारण एक जीबी जागा लागते. जाण्याआधी लॅपटॉपवर दहा जीबी रिकामी आहे ना ते बघा.

रेकॉर्डिंग सुरू झालं की पहिली अर्धी मिनिट गाणं नाही. बाईने आपलं नाव, माहेर, सासर, गाणं कुणाकडून शिकली, आणि आपण तारीख सांगायची. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड झालं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डिंगपैकी ते. गाणं संपताच त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगायच्या, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं. सव्वाशे वर्षं होत आली, तबकडीवर नाव तसंच आहे. आपल्या बायांचं नाव मात्र लग्नात बदलतं, रेशन कार्डावर चुकतं, गाण्याखाली तर येतच नाही. 'पारंपरिक' लिहून मोकळे होतात. तेव्हा नाव तिच्याच तोंडून घ्या.

त्याच अर्ध्या मिनिटात परवानगीही. "हे गाणं लोकांना ऐकवलं तर चालेल का? मोबाईलवर फिरलं तर चालेल का?" ती 'फक्त घरच्यांसाठी' म्हणाली तर ते पाळायचं. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ चा तो, कलम ३८ प्रमाणे गाणारणीला स्वतःच्या गाण्यावर हक्क आहे. आपण डबा आणला म्हणून गाणं आपलं होत नाही. आणि एखादी आजी म्हणाली, कानबाईचं गाणं श्रावणाशिवाय म्हणत नाही, तर हट्ट करू नका. नागपंचमीनंतरच्या रविवारची तारीख वहीत लिहा आणि त्याच्या थोडं आधी, घरात सारवासारव चालली असेल तेव्हा जा. रात्रीच्या गर्दीत डीजेपुढे काही हाती लागत नाही.

आता मागच्या ताईंच्या प्रश्नाकडे येते. हा पैसा कुठून? फिरता निधी आणि समुदाय गुंतवणूक निधी यांना हात लावायचा नाही. तो कर्जाचा पैसा आहे, कुणाच्या तरी शेळीचा, कुणाच्या तरी दवाखान्याचा. बचत तर नाहीच नाही. संघाचं स्वतःचं जे उत्पन्न आहे त्यातून, ठराव करून, खरेदी समितीच्या सह्यांनी. असे डबे चार-पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत मिळतात, आपल्याला मधला पुरतो. बिल संघाच्या नावाने, पक्कं, वॉरंटीसकट. आणि डबा कुणा एकीच्या घरी राहणार नाही. नोंदवही ठेवायची, कोण नेतं, कधी आणतं.

डबा गाण्यांपुरताच राहील असंही नाही. घंटागाडीवर वाजणारी सूचना, ग्रामसभेची दवंडी, दुकानाची रिक्षावरची जाहिरात, हे सगळं आज बाहेरून करून आणतात. तो आवाज आपल्यातल्या एखादीचा का नसावा? बाया हे चालवू शकतात का, अशी शंका कुणी काढली तर साताऱ्यातल्या म्हसवडचा माणदेशी महिलांचा रेडिओ आहे, २००८ पासून. तेलंगणातल्या माचनूर गावात दलित बायांनी त्याच वर्षी 'संघम रेडिओ' सुरू केला. आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बाया. तरीही मी म्हणते, पहिले तीन महिने एकही रुपया खर्च न करता काढा. कुणाच्या ओळखीत असा डबा असेल तर दोन दिवसांसाठी मागून आणा, मंडपवाल्याचे माइक घ्या, पाच गावांत पाच बायांची गाणी घ्या. रेकॉर्डिंग बैठकीत ऐकू. ऐकून हप्ते थकलेल्या ताईंनाही वाटलं की हे हवं, तर ठराव मांडू. नाही वाटलं तर डबा परत.

फाइलचं एक राहिलं. 'न्यू रेकॉर्डिंग १' अशा नावाने काही ठेवू नका. गाव, बाईचं नाव, गाण्याचा प्रकार, तारीख, हे फाइलचं नाव. मूळ फाइलला कात्री लावायची नाही, काटछाट तिच्या नकलेवर. आणि नकला तीन: एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, ती दुसऱ्या गावात ठेवायची, आणि एक पेन ड्राइव्हवर गाणारणीच्या घरी. तिची नातसून कधी ना कधी लावून बघेल.

तर आता टेबलावर हा मागून आणलेला डबा आहे, दोन माइक आहेत, वायरी मुद्दाम सुट्या ठेवल्या आहेत. पुढच्या रांगेतल्या दोघींनी इकडे या. मी हात लावणार नाही. बाकीच्यांनी पंखे बंद करा आणि मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. हां, बटणं आधी शून्यावर. आता भोकांचं टोक कुठे लावायचं ते सांगा बघू.